भरती-ओहोटीच्या नदीकाठावरून शॅडसाठी स्पे कास्टिंग : पोटोमॅकवर प्रथमच उभे राहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे चेरीचा बहर ओसरू लागतो, त्याच सुमारास पोटोमॅक नदीत समुद्रातून शॅड मासे चढू लागतात. फ्लेचर्स कोव्ह ते चेन ब्रिज या पट्ट्यात नदीला भरती-ओहोटी आहे, पाणी मात्र गोडे आहे, आणि काठावर सिकॅमोरची उंच झाडे अगदी पाण्याला खेटून उभी आहेत. नेहमीच्या फ्लाय कास्टिंगमध्ये, म्हणजे गळावर बांधलेले हलके नकली आमिष (फ्लाय) दोराच्या वजनाने फेकण्याच्या पद्धतीत, दोर मागे लांबवर फेकावा लागतो आणि येथे मागे झाडे असल्यामुळे ते शक्य होत नाही. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या काठी एकोणिसाव्या शतकात हीच अडचण होती आणि दोर मागे न फेकता, पाण्यावरच टेकवून पुढे भिरकावण्याची पद्धत तिच्यातून निघाली. तिलाच स्पे कास्टिंग म्हणतात.

मी ही पद्धत शिकले ती बहुतेक स्थिर प्रवाहाच्या नद्यांसाठी तयार केलेल्या सूचनांवरून. पहिला संपूर्ण हंगाम त्यामुळे गोंधळात गेला, कारण त्या सूचनांमध्ये ‘प्रवाहाची खालची बाजू’ दिवसभर एकच असते. भरतीच्या नदीत तसे नसते. हा लेख प्रामुख्याने तो गोंधळ टाळण्यासाठी आहे.

१. मासा आणि हंगाम ओळखा

येथे दोन प्रकारचे शॅड येतात. हिकरी शॅड आधी, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की दिसू लागतो. तो बहुधा अर्धा ते एक किलोचा असतो. अमेरिकन शॅड त्याच्या मागोमाग येतो. १३ ते १८ अंशांच्या पाण्यात, साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, त्याचा जोर असतो आणि दीड ते अडीच किलोचा मासा मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. दोघांत फरक करायचा तर खालचा जबडा पाहावा. हिकरीचा तो ठळकपणे पुढे आलेला असतो, अमेरिकन शॅडचा वरच्या जबड्याच्या खाचेत नीट बसतो. पांढऱ्या फुलांच्या एका झुडपाला या भागात शॅडबुश असेच नाव आहे, कारण ते फुलते तेव्हा मासे चढतात, आणि या खुणेवर मी अजूनही विसंबून राहते.

कोकणातील वाचकांना हा मासा हातात घेतल्यावर ओळखीचा वाटेल. आपला पाला, ज्याला काही ठिकाणी भिंग म्हणतात, तो याच गोतावळ्यातला आहे: तशीच चंदेरी, सहज गळणारी खवले, तसेच असंख्य बारीक काटे, आणि अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढण्याची तीच सवय. अमेरिकन शॅडच्या शास्त्रीय नावातील ‘सॅपिडिसिमा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘अतिशय चविष्ट’ असा आहे. मात्र पोटोमॅकमधला शॅड घरी नेता येत नाही, आणि हा नियम पुढच्या टप्प्यात प्रथम लक्षात घ्यावा.

२. परवाना, कागदपत्रे आणि नियम

फ्लेचर्स कोव्हजवळील नदी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या हद्दीत येते. वय १६ ते ६४ असणाऱ्यास तेथील ऊर्जा व पर्यावरण विभागाचा मासेमारी परवाना लागतो आणि तो ऑनलाइन काढता येतो. बाहेर पडताना खालील गोष्टी जवळ असाव्यात.

• चालू वर्षाचा परवाना, छापील किंवा फोनमध्ये उतरवून ठेवलेला.
• छायाचित्र असलेले ओळखपत्र.
• त्या वर्षीचे नियमपत्रक. नियम दर वर्षी पुन्हा वाचावेत.

चेन ब्रिजच्या थोडे वर गेले की मेरिलँडची हद्द सुरू होते. तेथे हा परवाना चालेल असे गृहीत धरू नये. ही चूक नवखे लोक हमखास करतात, कारण काठाने चालत जाताना हद्द कोठे ओलांडली ते जाणवत नाही.

एकेकाळी या नदीत शॅडची प्रचंड मासेमारी होत असे; जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील इस्टेटीवरही शॅड आणि हेरिंग जाळ्यांनी ओढले जात. अतिरेकी मासेमारी, धरणे आणि घाण पाणी यांमुळे मासा इतका कमी झाला की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पकडून ठेवण्यास बंदी आली. १९९५ पासून पिले सोडण्याचे काम सुरू झाले, २००० साली चेन ब्रिजच्या वरच्या बाजूच्या लिटल फॉल्स येथील बंधाऱ्यात माशांसाठी वाट करण्यात आली, आणि मासा पुन्हा वाढला. आज आपल्याला गळाला शॅड लागतो तो या श्रमांमुळे, आणि म्हणून प्रत्येक मासा धडधाकट परत पाण्यात जाईल याची काळजी घेणे मी परवान्याइतकेच बंधनकारक मानते.

३. साहित्य

दोन हातांनी धरायचा, सुमारे ११ फुटी, ५ किंवा ६ वजनाचा (हा दोराच्या जडपणाचा क्रमांक आहे, किलो नव्हे) रॉड पुरेसा आहे. सॅमनसाठीचे तेरा-चौदा फुटी रॉड येथे अनावश्यक आहेत आणि झाडांच्या फांद्यांत अडकतात. दोर निवडताना स्कॅजिट प्रकारचे आखूड, जड हेड (फेकीला वजन देणारा दोराचा पुढचा भाग) घ्यावे, सुमारे २० फूट लांब आणि ५ वजनाच्या रॉडसाठी ३६० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण २३ ग्रॅम. पुढे १० फुटी बुडणारी टिप, म्हणजे दोराचा जड टोकाचा तुकडा, जोडावी. टी-८ म्हणजे दर फुटाला ८ ग्रेन वजन, आणि पोटोमॅकच्या नेहमीच्या वसंतातील पाण्याला मी हीच वापरते. पाणी जोरात असेल तर टी-११. टिपच्या पुढे ८ पौंडी धागा केवळ तीन-चार फूट असावा, कारण लांब धाग्यामुळे टिप खाली गेली तरी फ्लाय वर तरंगत राहते.

फ्लाय लहानच हव्यात: ६ किंवा ८ क्रमांकाचा गळ, डोळ्यांच्या जागी धातूचे मणी, आणि पोपटी, गुलाबी किंवा लाल-पांढरा रंग. गळाच्या टोकामागचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. याखेरीज रबरी जाळीची झोळी, गडद चष्मा, कडा असलेली टोपी, आणि खिळे मारलेल्या तळव्यांचे बूट. चष्मा आणि टोपी ही शोभेची वस्तू नाही, हे सहाव्या टप्प्यात कळेल.

४. आधी पाणी वाचा

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा, कारण चुकीच्या वेळी केलेली उत्तम फेकही रिकामी परतते.

रत्नागिरी-मालवणकडे वाढलेल्यांना भरती-सुकती शिकवावी लागत नाही. तरी दोन सवयी येथे सोडाव्या लागतात. पहिली म्हणजे तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची. तिथीची पाऊणपट करण्याचा हिशेब आपल्या किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. चेसापीक उपसागर आणि त्यानंतर पोटोमॅकचे १८० किलोमीटरच्या आसपासचे खाडीपात्र ओलांडून वॉशिंग्टनला पोहोचणारी भरती त्यात बसत नाही. येथील तक्ताच पाहावा. दुसरी सवय म्हणजे भरतीच्या उंचीवर लक्ष ठेवण्याची. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या घरात चढते. येथे चढ-उतार जेमतेम ९० सेंटिमीटरचा. एवढा कमी फरक पाहून भरतीकडे दुर्लक्ष करावेसे वाटते, परंतु येथे महत्त्व पाण्याच्या उंचीला नसून त्याच्या वाहण्याला आहे.

ओहोटीच्या काळात नदीचे स्वतःचे पाणी आणि ओसरणारे पाणी एकाच दिशेने जाते. प्रवाह ठाम असतो, दोर ताणून धरतो आणि फ्लायला अर्धवर्तुळात व्यवस्थित फिरवतो. भरती चढू लागली की प्रवाह मंदावतो. वरून येणारे पाणी कमी असेल तर काठालगत तो काही काळ थांबतो, आणि कधी उलटाही वाहतो. थांबलेल्या पाण्यात दोर लोंबतो, बुडणारी टिप तळाच्या दगडांत शिरते, आणि नवखा माणूस आपली फेक बिघडली असे समजून जोर वाढवतो. असे झाले की रॉड खाली ठेवून वीस-तीस मिनिटे थांबावे. माझ्या अनुभवात ओहोटी लागल्यानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले, आणि ते संध्याकाळच्या उतरत्या उजेडाशी जुळून आले तर त्याहून चांगले काही नाही.

भरतीच्या तक्त्यासोबत लिटल फॉल्स येथील जलमापकाची नोंदही पाहावी. वॉशिंग्टनमध्ये लख्ख ऊन असते आणि नदी मात्र गढूळ होऊन चढलेली असते, कारण शेनँडोआ या उपनदीच्या खोऱ्यात दोन-तीन दिवसांपूर्वी पाऊस झालेला असतो. मापक साडेचार फुटांच्या वर असेल तर मी घरीच राहते. ही माझी स्वतःची मर्यादा आहे. तुम्ही नवीन असाल तर याहून खालची ठेवावी.

५. जागा

फ्लेचर्स कोव्हला गाडीने येणाऱ्यांनी कॅनॉल रोडची वेळ पाहून निघावे, कारण कामाच्या दिवशी गर्दीच्या तासांत तेथे वाहतूक एकाच दिशेने सोडली जाते. कालवा ओलांडून पायवाटेने काठावर उतरावे.

उभे राहण्यासाठी अशी जागा शोधावी की जिच्या समोर वेगवान आणि संथ पाण्याची शीव दिसते आणि जिच्या दोन्ही बाजूंना किमान एक रॉडभर मोकळे पाणी आहे. मागे तीन-चार मीटर मोकळीक पुरते. वर पाहण्यास विसरू नये. लोंबती फांदी खांद्यामागे फुगणारा दोर अडवते.

पाण्यात उतरू नये. चेन ब्रिजखाली पात्र अरुंद आणि खोल आहे, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात जबर ओढ आहे, आणि तेथे माणसे बुडाली आहेत. शहराच्या हद्दीत नदीत पोहण्यास १९७१ पासून मनाई आहे. स्पे कास्टिंगचा मोठा लाभ हाच की काठाच्या कोरड्या दगडावरून सगळे साधते. तेथेही फुगवता येणारे जीवनरक्षक जाकीट अंगात असावे.

६. खांदा वाऱ्यावरून, फेक प्रवाहावरून

स्पे फेकीत दोराचा टोकाकडचा भाग क्षणभर पाण्याला धरून राहतो. त्याला अँकर म्हणतात. त्याच वेळी उरलेला दोर तुमच्या एका खांद्याच्या मागे इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा फुगतो, तो डी-लूप. अँकर आणि डी-लूप नेहमी एकाच बाजूला असले पाहिजेत, आणि ती बाजू वाऱ्याने ठरवायची: वारा अंगावरून ज्या बाजूला निघून जातो, तो खांदा. उलट केले तर वारा गळासकट दोर तुमच्या तोंडावर आणतो. पहिल्या वर्षी एका गार दुपारी मी हा नियम पाळला नाही. फ्लाय टोपीच्या कडेत घुसली, आणि कड नसती तर ती भुवईत घुसली असती.

एकदा खांदा ठरला की कोणती फेक करायची ते प्रवाह ठरवतो, कारण फेकीच्या सुरुवातीला दोर प्रवाहाच्या खालच्या बाजूला पसरलेला असतो. खांदा त्याच बाजूचा असेल तर डबल स्पे. खांदा विरुद्ध बाजूचा असेल तर स्नॅप-टी. या दोन्ही फेकी पुढच्या दोन टप्प्यांत सांगते.

वॉशिंग्टनच्या काठावर नदीकडे तोंड करून उभे राहिले की ओहोटीत पाणी उजवीकडून डावीकडे जाते. थंड लाट येऊन गेल्यावर वायव्येचा वारा सुटतो, तोही उजवीकडून डावीकडे. तेव्हा डाव्या खांद्यावरून डबल स्पे. उबदार दुपारी दक्षिणेचा वारा प्रवाहाच्या विरुद्ध येतो. तेव्हा उजव्या खांद्यावरून स्नॅप-टी. भरतीत काठालगतचे पाणी उलटले तर दोर उजवीकडे पसरतो, आणि त्याच दक्षिण वाऱ्यात, त्याच उजव्या खांद्यावर, आता डबल स्पे करावी लागते. वारा बदललेला नसताना फेक बदलते. ही गोष्ट मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे कितीतरी दिवस वाचले असते.

७. डबल स्पे

हालचाली येथे डाव्या खांद्यासाठी सांगते. डावा हात वर, उजवा खाली.

अ) दोर डावीकडे ताणलेला आहे. रॉडचे टोक पाण्याजवळ आणून सैलपणा काढून घ्यावा.

आ) रॉड सावकाश उचलत उजवीकडे न्यावा आणि टोक पुन्हा खाली आणावे. फ्लाय मात्र तुमच्या डावीकडेच, सुमारे एक रॉडभर अंतरावर राहिली पाहिजे. ती ओढली जाऊन तुमच्या समोरून पलीकडे गेली तर थांबावे आणि पुन्हा सुरुवात करावी. पुढे रेटल्यास दोर दोरावर आपटतो.

इ) आता रॉड डावीकडे, पाण्याला जवळजवळ समांतर, एकसारख्या वेगाने फिरवावा. दोर पाण्यावरून सोलला जातो, जुने कापड फाडावे तसा आवाज येतो आणि पाण्यावर तुषारांची पांढरी रेघ उमटते. रेघ सरळ असेल तर फेक नीट चालली आहे.

ई) न थांबता रॉड वर चढवून डाव्या कानाजवळ आणावा. स्कॅजिट दोराला येथे विसावा मानवत नाही. क्षणभर रेंगाळले तरी टिप बुडते आणि अँकर चिकटून बसतो.

उ) पुढे फेकताना वरच्या हाताने ढकलू नये. खालचा हात झटक्याने पोटाकडे ओढावा, वरचा हात बिजागरीसारखा राहू द्यावा, आणि रॉड उंचावरच थांबवावा.

एकहाती रॉडची सवय असलेल्यांचा वरचा हात फार काम करतो आणि दोर पाण्यावर कोसळतो. खालच्या हाताची सवय होण्यासाठी मी वरच्या हाताने रॉड केवळ दोन बोटांनी धरून सराव केला.

८. स्नॅप-टी

वर उजवा हात. डावीकडे पसरलेला दोर रॉड वर उचलून उजवीकडे आणावा आणि लगेच टोक खालून झपकन डावीकडे न्यावे, जणू हवेत आडवे ‘सी’ काढत आहात. दोर उसळून उजवीकडे उडतो आणि एक रॉडभर अंतरावर पडतो. तो पडलेला डोळ्यांनी पाहावा, मगच उजवीकडे झाडल्यासारखा फिरवून डी-लूप करावा आणि वरीलप्रमाणे फेकावे. दोर उसळताना चेहरा डावीकडे झुकवू नये.

हिरवळीवर या फेकी शिकता येत नाहीत, कारण अँकरला पाणीच लागते. हंगामाआधी एखाद्या तळ्याच्या काठी, गळ कापून टाकलेली फ्लाय बांधून, तासतासभर सराव करावा. सिंगल स्पे ही देखणी फेक आहे, परंतु जड टिप आणि धातूच्या डोळ्यांची फ्लाय असताना ती साधणे कठीण जाते. पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नये.

९. फ्लाय खाली नेणे आणि फिरवणे

शॅड नदीत चढताना फारसे खात नाही, पण समोरून जाणाऱ्या लहान, चमकदार वस्तूवर झडप घालतो. त्यासाठी फ्लाय त्याच्या उंचीवर जावी लागते, आणि दिवसा तो बहुधा तळाजवळ असतो.

प्रवाहाला जवळजवळ काटकोनात फेकावे, दोर पडताच त्याचा पोटभाग वरच्या बाजूला उलटवून टाकावा आणि पाच अंक मोजावेत. त्यानंतर दोर ताणून फ्लाय फिरू द्यावी. काही लागले नाही तर पुढच्या फेकीला सात, मग नऊ, असे तळ लागेपर्यंत वाढवावे आणि एक-दोन अंक मागे यावे. भरती-ओहोटी बदलत असल्यामुळे दर अर्ध्या तासाला हा आकडा नव्याने काढावा लागतो. आभाळ भरून आले किंवा ऊन उतरले की मासे वर येतात, तेव्हा आकडा कमी करावा.

फ्लाय फिरून थेट खालच्या बाजूला आली की फेक संपली असे समजू नये. तेथे ती दहा-पंधरा सेकंद लोंबू द्यावी, नंतर हातभर दोर तुकड्यातुकड्याने ओढावा. माझे निम्म्याहून अधिक मासे याच वेळी लागले आहेत.

१०. मासा लागल्यावर

शॅडच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. झटका दिला की ती फाटते आणि मासा जखमी होऊन सुटतो. दोर जड झाला की रॉड नुसता काठाच्या दिशेला वळवावा. गळ आपोआप बसतो. रिळाचा ब्रेक सैल ठेवावा, कारण हा मासा रुंद अंग प्रवाहाला आडवे लावतो आणि आपल्या वजनाच्या दुप्पट वाटतो. पहिल्या धावेत त्याला जाऊ द्यावे.

तो काठाशी आला की झोळी पाण्यातच धरावी आणि मासा तिच्यात येऊ द्यावा. हात आधी ओले करावेत. कोरड्या तळव्याला त्याची खवले रुपयाच्या नाण्यांसारखी चिकटून निघतात, आणि खवले गेलेला शॅड पुढचा प्रवास सहसा पुरा करत नाही. गळ चिमट्याने मागे सरकवून काढावा. छायाचित्र हवे असेल तर मासा पाण्यात असतानाच घ्यावे. नंतर एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीजवळ ठेवून त्याचे तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करावे. भरतीच्या वेळी पाणी कोणीकडून येत आहे ते आधी पाहून घ्यावे, कारण ती बाजू उगमाकडचीच असेल असे नाही. कल्ले संथपणे उघडू-मिटू लागले आणि शेपटीने हाताला ढकलले की हात बाजूला करावा.